आमच्या आवारातली हवा

पुण्याची हवा चांगली, हे वाक्य मला वडिलांकडून वारशात मिळाले. घर, पितळेची भांडी आणि हे वाक्य! पेन्शनीत निघालेली मंडळी पूर्वी मुंबई सोडून इथे येत, ती या हवेच्याच ओढीने. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या सातवीतल्या नातीने मोबाइल पाहून, "आजोबा, आज आपल्या हवेचा आकडा दीडशेच्या वर आहे," असे म्हटले, तेव्हा मला रागच आला.

"हवेला कसला आला आहे आकडा? ती काय परीक्षेला बसली आहे?"

"बसली आहे ना! फक्त या परीक्षेत कमी मार्क मिळवणारा पहिला येतो."

मग तिने माझी शिकवणी घेतली. २०१५ पासून आपल्या देशात हवेचा निर्देशांक जाहीर होतो. पन्नासपर्यंत चांगली, शंभरपर्यंत समाधानकारक, दोनशेपर्यंत मध्यम, तिथून पुढे वाईट, अतिवाईट आणि चारशेच्या वर गंभीर. धूळ, धूर, वायू अशा आठ विषयांत हवा तपासायची आणि ज्या विषयात ती सर्वांत ढ, तोच निकाल म्हणून लावायचा. आमच्या वेळी अशी पद्धत असती तर मी अजून चौथीतच असतो!

"पण हा आकडा तिकडच्या केंद्रावरचा," मी म्हणालो. "आपल्या आवारातली हवा वेगळी."

"मग आपणच पाहू," नात म्हणाली. इथेच मी फसलो.

दुसऱ्या दिवशी सोसायटीतली पाच-सहा मुले जमली. पोस्टकार्डाएवढे पांढरे पुठ्ठे कापले, त्यांवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवला आणि पाच ठिकाणी टांगले: फाटकावर, गच्चीत, जिन्यात, आमच्या बाल्कनीत आणि मागच्या भिंतीपाशी. आठ दिवसांनी काढायचे ठरले. सर्वांत काळा पुठ्ठा फाटकावरचा निघणार, यावर मी मुलांशी आइस्क्रीमची पैज लावली. समोरच रिक्षा थांबतात, बस वळते; शंकाच नको.

पैज मी हरलो. फाटकावरचा पुठ्ठा करडा झाला होता खरा. पण मागच्या भिंतीवरचा राखेने पार माखला होता.

तिथे रोज पहाटे वॉचमन पालापाचोळा जाळतो, आणि तो जाळण्याचा हुकूम सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने मीच दिलेला. उघड्यावर कचरा जाळायला हरित लवादाने २०१६ मध्ये बंदी घातली, साध्या जाळण्यालाही ५,००० रुपये दंड ठेवला, ही बातमी मी वाचली होती. पण कचरा म्हणजे दुसऱ्याचा. आपला तो पालापाचोळा, नाही का?

त्या भिंतीला लागूनच तळमजल्यावरच्या वहिनींची खोली. त्यांचा मुलगा सहा वर्षांचा; त्याला दमा आहे. वहिनी दोनदा माझ्याकडे आल्या होत्या. "अहो वहिनी, पाच मिनिटांचा तर धूर," असे म्हणून मी त्यांना दोन्ही वेळा परत पाठवले होते.

पुठ्ठ्यावर चिकटते ती जाडी धूळ. छातीत खोल उतरणारा कण अडीच मायक्रॉनचा किंवा त्याहूनही लहान, म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे तिसावा भाग. तो डोळ्यांना दिसत नाही. तो मोजणारे तळहाताएवढे यंत्र माझ्या भाच्याकडे होते. ते वहिनींच्या खिडकीत ठेवले. पहाटे पाला पेटला आणि आकडा भराभरा चढला. आग पाच मिनिटांत विझली. आकडा पूर्वपदावर यायला मात्र तासावर गेला. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार असते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. वारा नसला की धूर खालीच कोंडतो. तो तासभर ते पोर त्याच खोलीत झोपलेले असे.

सोसायटीच्या सभेत मी भाषण केले नाही. पाचही पुठ्ठे हातोहात फिरवले आणि हुकूम मागे घेतला. आता पाला खड्ड्यात जातो, त्याचे खत होते. वॉचमनला हे सांगितले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "बरं झालं साहेब. खोकला मलाही होता. पण सांगणार कोणाला?"

वहिनी काहीच बोलल्या नाहीत. दिवाळीत त्यांच्याकडून फराळाचे ताट आले, तेव्हा मला मान वर करवेना.

मुलांचा उत्साह तिथेच थांबला नाही. पुण्यातल्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली सहा प्रकारच्या फटाक्यांचा धूर मोजला होता, हे त्यांनी शोधून काढले. सर्वांत जास्त सूक्ष्म कण कशातून निघाले? लवंगी माळेतून नव्हे, तर नागगोळीतून! आवाज नाही म्हणून आपण जी अगदी लहान मुलांच्या हाती देतो आणि ती वाकून जिचा धूर घेतात, ती ही गोळी. आमच्या घरच्या यादीतून ती सौ.ने स्वतः खोडली.

वाचकहो, यंदा फराळातून सवड काढून एक पुठ्ठा आणि बोटभर व्हॅसलिन एवढा खर्च करून पाहा. पुठ्ठा लावायचे काम घरातल्या मुलांकडे द्या आणि त्यांच्याशी पैज लावा. हरलात तर आइस्क्रीम खुशाल द्या.

पुण्याची हवा चांगली, असे मी अजूनही म्हणतो. फक्त म्हणण्यापूर्वी नातीला विचारतो.