माझी पसंती ३१५ लाच



मागच्या आठवड्यात हरभऱ्यातल्या जागलीचा फोटो टाकला होता. त्यात माझ्या मांडीवरची रायफल दिसली आणि तेव्हापासून फोन चालू आहेत. "काका, कोणती हो? ३१५ का ३०-०६?" हरभऱ्याला घाटे कसे लागले, हे एकानंही विचारलं नाही. असो. विषय निघालाच आहे तर लिहितो.

आधी एक गोष्ट. शिकार १९७२ च्या कायद्यानं बंद आहे आणि मी शिकारी नाही. रानडुक्कर आणि रोही पिकात घुसतात, तेव्हा वनखात्याकडं अर्ज करायचा, लेखी परवानगी हातात आली की मगच घोड्याला बोट लावायचं. पडलेलं जनावर सरकारचं. पंचनामा होतो, ते लोक त्याची विल्हेवाट लावतात. मटणाच्या आशेनं कोणी हे वाचत असेल तर त्यानं इथंच थांबावं.

माझी रायफल वडिलांची, ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली. ते गेल्यावर वारसानं माझ्या नावावर आली. तिची गोळी ८ मिलिमीटर जाडीची, वजन २४४ ग्रेन, म्हणजे जवळपास पावणेसोळा ग्रॅम. नाक मऊ शिशाचं, ते आत गेल्यावर फुलतं. वेग मात्र कमी, सेकंदाला दोन हजार फुटांच्या आसपास. ३०-०६ ची गोळी साडेसात मिलिमीटरच्या वर थोडी, १८० ग्रेनची घेतली तर वेग सत्तावीसशे फुटांपर्यंत जातो. म्हणजे एक बैलगाडी आणि एक मोटारसायकल, असं पुतण्या म्हणतो.

हे ३१५ आपल्याकडं आलं कसं, तेही मजेशीर आहे. इंग्रजांच्या फौजेची रायफल ३०३ ची. तीच काडतुसं लोकांच्या हातात दिली तर चोरलेल्या लष्करी काडतुसांवर लोक बंदुका चालवतील, अशी गोऱ्यांना भीती. म्हणून ३०३ लोकांना बंद केली आणि ऑस्ट्रियाच्या एका जुन्या लष्करी काडतुसाची जात पुढं केली. बोल्ट त्याच ३०३ च्या घराण्यातला, नळी वेगळी. गोरे गेले, पण ३०३ अजून प्रतिबंधित बोअरमध्येच आहे आणि आपण ३१५ वर आहोत. ३०-०६ आपल्या फौजेचं काडतूस नाही, म्हणून ते परवान्यावर मिळतं. त्यातला ०६ म्हणजे १९०६ साल, अमेरिकेच्या फौजेनं ते घेतलं ते. तेव्हा "नवीन घ्या, जुनं कशाला" म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, दोन्ही म्हातारेच आहेत.

आता माझा अनुभव, आणि तो काही मिरवण्यासारखा नाही.

२०१६ साली वडील दवाखान्यात होते. रायफल त्यांच्या नावावर, म्हणून घरात कुलपात. माझ्याकडं माझ्या परवान्यावरची बारा बोअर होती. तुरीला फुलं लागली होती, डुकरांनी शेवटच्या तासांतली कपाशी लोळवून टाकली होती. परवानगी आलेली. रात्री एक मोठा नर नाल्याच्या बाजूनं निघाला. अंतर साठ पावलं तरी होतं. बारा बोअरमधून एलजीचे छर्रे तीस-पस्तीस पावलांवर ठीक, त्याच्या पुढं ते पसरतात आणि दमही राहत नाही. हे मला ठाऊक होतं. पण दोन महिने झोप नव्हती, राग डोक्यात होता. मी बार टाकला. डुक्कर ओरडलं, फिरलं आणि नाल्यातल्या घाणेरीत गेलं. टॉर्च मारला, रक्त दिसलं. रात्री त्या झुडपात कोण शिरणार? सकाळी वनरक्षकाला कळवून शोधू, असं ठरवून घरी आलो.

सकाळी मी फोन करेपर्यंत शेजारच्या वावरात बायका कापूस वेचायला आल्या होत्या. त्यांतली एक माझी चुलत काकू. पाणी प्यायला नाल्याच्या कडेला गेली. डुक्कर तिथंच बसलेलं. तिची मांडी फाडली त्यानं. बावीस टाके पडले. वाचली, पण अजून उजवा पाय ओढते. मला कधी काही बोलली नाही. दवाखान्याचा खर्च मी दिला, तोही तिनं दोनदा परत करायला पाहिला. डुक्कर दुपारी सापडलं. तीन छर्रे लागले होते, त्यातले दोन खांद्याच्या जाड कातड्यातच अडकलेले. मोठ्या नराचं तिथलं कातडं म्हणजे ढालच असते.

तेव्हापासून काडतुसाबद्दल मला एवढंच विचारायचं असतं: जनावर जागेवर पडेल का, आणि गोळी पुढं कुठं जाईल?

पहिल्या प्रश्नाला ३१५ चं उत्तर चांगलं आहे. डुक्कर रात्री येतं, पिकात येतं, दिसतं तेव्हा चाळीस-पन्नास पावलांवर असतं. तेवढ्या अंतरावर वेगाचं काही काम नाही, वजनाचं आहे. ती जड गोळी पुढच्या पायाच्या मागं बसली की आडवी-तिडवी न जाता आत जाते. रायफल माझ्या हातात आल्यापासून परवानगीनं पाच डुकरं मारली, चार जागेवर पडली, पाचवं वीस पावलांवर. पाचच्या पाच मचाणावरून.

रोह्याचं वेगळं आहे, ते कबूल करतो. रोही उघड्यावर उभा राहतो, दिवसाही येतो, आणि दोनशे पावलांवरून आपल्याकडं बघत हरभरा खातो. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या वर भरतो. शेजारच्या गावाला परवानगी होती तेव्हा एका परवानाधारकाजवळ बसून मी ३०-०६ पाहिली. एकशे ऐंशी पावलं, एक गोळी, रोही खाली. ३१५ नं मी ते केलं नसतं. शंभर मीटरला जुळवलेली माझी गोळी दोनशेवर जवळपास फूटभर खाली उतरते. ३०-०६ ची चार इंचांच्या आसपास. फक्त रोह्याचाच त्रास आहे, वावर मोठं आहे, पलीकडं टेकडी आहे, अशा माणसानं खुशाल ३०-०६ घ्यावी. मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण दुसऱ्या प्रश्नाचं काय? काळ्या मातीचं सपाट रान आहे आपलं. प्रत्येक धुऱ्यापलीकडं कोणीतरी जागलीला आहे. कोणी शेकोटी पेटवून, कोणी बॅटरी बंद करून झोपलेला. चुकलेली गोळी, मग ती ३१५ ची असो का ३०-०६ ची, दोन-तीन किलोमीटर सहज जाते. ३१५ हळू आहे म्हणून ती सुरक्षित, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सुरक्षित असतो तो मचाण. वरून खाली मारलं की गोळी मातीत जाते. जमिनीवर उभं राहून आडवा बार टाकणाऱ्याच्या हातात मी गुलेल पण देणार नाही.

मग ३१५ च का? तर ती मला लांबचा मोह होऊ देत नाही म्हणून. तिची गोळी वाकते हे मला ठाऊक आहे, त्यामुळं ऐंशी पावलांच्या पुढचं जनावर दिसलं तरी मी फटाका वाजवतो, बार टाकत नाही. सपाट जाणारी गोळी हातात असली की माणूस दीडशेवर बघतो, दोनशेवर बघतो, मग धुरा कुणाचा हेही विसरतो. मी विसरेन. साठ पावलांवर बारा बोअर चालवणारा मीच होतो ना?

जिम कॉर्बेटला चंपावतची वाघीण मारल्यावर २७५ ची रिग्बी रायफल भेट मिळाली होती, आपल्या दोन्हींपेक्षा बारीक गोळीची. त्या बारीक गोळीवर त्यानं पुढं मोठाली जनावरं घेतली. पण तो जवळ जायचा आणि थांबायचा. आपल्याला दोन तास मचाणावर बसलं की कमरेत उसण भरते.

काडतुसांचं थोडक्यात. ३१५ ची खडकीच्या कारखान्यातली घेतो. डब्यावरचं साल बघून घ्या, आणि घरात आणल्यावर भिंतीला लागून ठेवू नका, पावसाळ्यात ओल धरतात. घोडा ओढला आणि बार झाला नाही तर लगेच बोल्ट उघडू नका. नळी जमिनीकडं ठेवून अर्धा मिनिट थांबा, कधीकधी उशिरा पेटतं. माझ्याकडं वडिलांच्या वेळची आठ काडतुसं आहेत, ती मी रात्री वापरतच नाही. निवडणूक लागली की रायफल ठाण्यात जमा करावी लागते, आणि निवडणुका डुकरांना विचारून लागत नाहीत, हे वेगळं दुखणं.

पुतण्याचं अजून ३०-०६ चालूच आहे. त्याला सांगितलं, तुझ्या नावानं अर्ज कर, मी आडवा येत नाही. पण पहिलं वर्षभर माझ्याच मचाणावर माझ्या बाजूला बसायचं. हरभऱ्यात चारी बाजूंना ऐंशी पावलांवर मी चुना लावलेले खुंटे ठोकलेत, रात्रीही दिसतात. ते उपटायचे नाहीत.