समांतर परवाना कोणासाठी?

वीजक्षेत्रात स्पर्धा आणली की ग्राहकाचे भले होते, हे खाजगीकरणवाद्यांचे आवडते सूत्र. पण एकाच वस्तीत तारांची दोन जाळी ओढून स्पर्धा करावयाची, हा निव्वळ उधळपट्टीचा प्रकार होय. दोन्हींचा खर्च अखेर ग्राहकाच्याच बिलात चढतो. वाहिन्यांचे जाळे ही स्वभावतःच मक्तेदारी आहे. ती विधिमंडळाला जाब देणाऱ्यांच्या हाती असावी की केवळ भागधारकांना जाब देणाऱ्यांच्या, एवढाच प्रश्न उरतो.

२०२२ साली अदानी समूहाच्या कंपनीने समांतर वितरण परवाना मागितला तो भांडुप, ठाणे, नवी मुंबई, तळोजे, उरण या पट्ट्यासाठी. गडचिरोली वा मेळघाट तिच्या अर्जात नव्हते! महावितरण उद्योग-व्यापाराकडून चढा दर घेऊन शेतीपंपांना स्वस्त वीज देते. हे बिल भरणारे मोठे ग्राहक निघून गेले, की ती तूट शेतकऱ्याच्या दरात तरी उतरणार किंवा सरकारी तिजोरीवर तरी पडणार.

महावितरणात गळती आहे, थकबाकी आहे, मुजोरीही आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु खाजगी कार्यक्षमतेचा अनुभव दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाने महाराष्ट्राला दिलाच आहे. वीज घ्या वा न घ्या, स्थिर आकार भराच, असा तो करार होता. २००१ मध्ये राज्य वीज मंडळाला ती महागडी वीज घेणे थांबवावे लागले.

समांतर परवान्याविरुद्धचा वीज कर्मचाऱ्यांचा संप ४ जानेवारी २०२३ रोजी सरकारच्या आश्वासनावर मिटला. २००३ च्या वीज कायद्यातील तरतूद मात्र कायम आहे. ती रद्द करण्याची मागणी आता शेतकरी संघटनांनीही उचलली पाहिजे.