नव्या फोनमधले जुने सोने

नव्या उपकरणात जुने काही असते का, या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. जुना सुटा भाग जसाच्या तसा बसवणे ही एक. जुना धातू वितळवून, शुद्ध करून त्याचा नवा भाग घडवणे ही दुसरी.

दुसरी गोष्ट उघडपणे चालते आणि तिच्यात वावगे काही नाही. खाणीतले सोने आणि जुन्या सर्किट बोर्डातून काढलेले सोने शुद्धीकरणानंतर एकच असते. डाखातल्या कथिलाचेही तसेच. ॲपलने 2018 च्या मॅकबुक एअरचे आवरण शंभर टक्के पुनर्चक्रित ॲल्युमिनियमचे असल्याचे जाहीर केले. मात्र ते ॲल्युमिनियम कुणाच्या टाकून दिलेल्या संगणकातले नव्हते, उत्पादनातच निघालेल्या किसाचे होते. ‘पुनर्चक्रित’ हा शब्द किती ताणता येतो, हे यावरून कळावे.

पहिली गोष्ट अधिक गंभीर आहे. वापरलेल्या चिपने किती उष्णता सोसली, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून प्रामाणिक विक्रेता अशी वस्तू ‘रिफर्बिश्ड’ म्हणूनच विकतो. पण मागचे दारही आहे. अमेरिकी सिनेटच्या सशस्त्र सेना समितीने 2012 च्या अहवालात लष्करी पुरवठ्यातील बनावट भागांची सुमारे 1,800 प्रकरणे मांडली. जुन्या बोर्डांवरून चिपा उपटायच्या, धुवायच्या, वरचा मजकूर घासून नवा छापायचा आणि नव्या म्हणून विकायच्या, अशी ती रीत. या व्यवहाराचे धागे चीनच्या ग्वांगडोंग प्रांतापर्यंत गेले.

या चर्चेत खरेदीदाराची फसवणूक तेवढी गाजते. बोर्ड विस्तवावर धरणाऱ्या हातांविषयी फारसे कोणी बोलत नाही. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये तारा जाळून तांबे आणि तेजाबात बुडवून सोने काढले जाते. 2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातल्या जेमतेम 22.3 टक्क्यांच्या रीतसर पुनर्चक्रणाची नोंद आहे. उरलेला कुणीतरी हाताळतोच. भारतात कचरा कुणाच्या वाट्याला येतो, हे आपल्या समाजाला सांगावे लागत नाही. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा तिच्यातल्या बहुसंख्य कचरावेचक दलित स्त्रियाच होत्या.

म्हणून खोक्यावरची टक्केवारी मला अपुरी वाटते. धातू पुनर्चक्रित आहे एवढे ती सांगते. तो कुणी, कोणत्या मजुरीवर, हातमोजे घालून की उघड्या हातांनी काढला, हे सांगत नाही. कोबाल्टच्या खाणींविषयी कंपन्यांना जाब विचारला गेला, तसाच तो भंगाराविषयीही विचारला गेला पाहिजे.

आपण राहतो त्या अमेरिकेने घातक कचऱ्याच्या निर्यातीवरील बाझेल करारावर 1990 मध्ये सही केली, पण त्याला मंजुरी दिलेली नाही. तेव्हा जुना लॅपटॉप देताना संकलन केंद्राला ‘ई-स्टुअर्ड्स’ प्रमाणपत्र आहे का, हे विचारावे. घातक ई-कचरा विकसनशील देशांत पाठवण्यास ते मनाई करते. नसेल, तर तो लॅपटॉप तिथे देऊ नये.