लवंगतेलाची कुपी

दाढ दुखली की अम्मी लवंगतेलाचा बोळा देते, सर्दी झाली की दादी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंगायला देते. पार्ल्यातल्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो, ही निव्वळ समजूत नाही. ओव्याचा उग्र वास थायमॉलचा, लवंगेचा युजेनॉलचा. लवंगतेलात युजेनॉल बहुधा 70 ते 90 टक्के असते. जिवाणूच्या पेशीला स्निग्ध पदार्थाचा पातळ पडदा असतो. हे तेलकट रेणू त्यात शिरतात, पडदा गळू लागतो आणि जिवाणू मरतो. म्हणून तर दंतवैद्य झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल कालवून दाढेत तात्पुरते भरतात.

पण प्रयोगशाळेतल्या बशीत जिवाणू मेले, म्हणजे शरीरातला आजार बरा झाला असे नव्हे. बशीत तेल थेट जिवाणूवर पडते. पोटात घेतलेले तेल शरीरभर पसरून विरळ होते. ते वाढवत नेले तर आधी माणसालाच बाधते. लहान मुलाने लवंगतेल प्यायले तर यकृताला इजा होऊ शकते. कापूर किंवा निलगिरीचे तेल पोटात गेले तर झटके येऊ शकतात.

तेव्हा भगिनींनो, कुपी मुलांच्या हाती लागू देऊ नका. तान्ह्याच्या नाकाला तेल लावू नका. लवंगेने ठणका थांबतो, दाढेची कीड थांबत नाही. गाल सुजला, ताप चढला, तर कूपर रुग्णालय गाठा. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले असेल, तर तेलाच्या भरवशावर ते अर्ध्यात सोडू नका.