बरोबरीत सुटलेल्या डावाची बाजू

काटेवाडी-इंदापूरकडच्या जत्रांत फड मागतो तो निकाली कुस्तीच. दोन तुल्यबळ मल्ल बराच वेळ झुंजून बरोबरीत सुटले, की प्रेक्षक हळहळतात. एखादा 'नुरा कुस्ती' असा शेराही मारतो. बुद्धिबळातील बरोबरीकडेही आपण बहुधा याच नजरेने पाहतो. ही नजर अन्यायाची आहे, असे मला वाटते.

२०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली. एकीकडे नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख, दुसरीकडे अडतीस वर्षांची कोनेरू हंपी. पारंपरिक वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. वृत्तपत्री भाषेत 'कोंडी कायम'. पण पटावर काय घडले होते? पहिल्या डावात पांढरी मोहरी दिव्याकडे होती. तिने लवकरच वरचष्मा मिळवला, मात्र नेमकी संधी निसटली आणि हंपीने चिवटपणे डाव सावरला. दोघींच्या नावापुढे अर्धा-अर्धा गुणच लागला. पण एकीने तो गमावला होता, तर दुसरीने कमावला होता. गुणतक्ता हा फरक सांगत नाही, तो डाव वाचणाऱ्यालाच कळतो.

बुद्धिबळात विजय बहुतेकदा प्रतिपक्षाच्या चुकीतून जन्मतो. दोघेही चुकले नाहीत, किंवा एकाने केलेली चूक दुसऱ्याने वसूल करू दिली नाही, तर बरोबरी हाच त्या पटाचा न्याय असतो. तिला नीरस म्हणणे म्हणजे बचावाला कौशल्य न मानणे होय.

आक्षेप रास्त आहे: दहा-बारा खेळ्यांत हस्तांदोलन करून उठणारेही असतातच. त्यांना आळा घालण्यासाठी २००५ मध्ये सोफिया येथील स्पर्धेत खेळाडूंनी परस्पर बरोबरी मान्य करण्यास मनाई केली गेली. परंतु हा दोष न खेळण्याचा आहे, बरोबरीचा नव्हे.

अखेर २८ जुलैला जलद डावांत निकाल लागला. त्यातलाही पहिला बरोबरीत सुटला. दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. लोकांच्या लक्षात राहिला तो हा चौथा डाव. आधीचे तीन मात्र कुणी फारसे पाहत नाही. फडातला जुना वस्ताद ते आधी पाहील. कुस्ती कोणी मारली यापेक्षा पाठ कोणी लागू दिली नाही, हे तो विसरत नाही.