चालता माग, चालता लॅपटॉप

सोलापूरच्या यंत्रमाग व्यवसायात मागाचे वय हा सहसा हिशेबाचा विषय होत नाही, कारण पिकर झिजला तर पिकर, धोटा फुटला तर धोटा आणि चाकाचे दात गेले तर चाक बदलून जॉबर, म्हणजे मागाचा मिस्त्री, तोच माग पुन्हा चालू करून देतो, आणि वाडवडिलांनी बसवलेला साधा माग अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा पूर्व भागातील घरालगतच्या शेडमध्ये आजही टॉवेल नाहीतर चादर विणत राहतो. त्याच शेडच्या कोपऱ्यातील कार्यालयात मात्र सात-आठ वर्षांचा, फारशी कुरकुर न करता चालणारा लॅपटॉप बदलावा की ठेवावा हा प्रश्न १४ ऑक्टोबर २०२५ या तारखेने कारखानदारापुढे आणून ठेवला आहे.

त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आणलेल्या विंडोज १० या कार्यप्रणालीची, म्हणजे संगणकाचे सर्व भाग आणि त्यावरील सॉफ्टवेअर यांना चालवणाऱ्या मूळ प्रणालीची, मोफत देखभाल थांबवली. देखभाल थांबणे म्हणजे संगणक बंद पडणे नव्हे. त्या प्रणालीत नव्याने सापडणारी भगदाडे बुजवणारी दुरुस्ती येणे थांबते, एवढाच त्याचा अर्थ. लॅपटॉपचा एकही भाग त्या दिवशी झिजलेला नसतो, आणि म्हणूनच मागावर पोसलेल्या बुद्धीला हा निवाडा पटत नाही. माग कधी मोडीत काढायचा हे शेडमध्ये ठरते, तर लॅपटॉप कधी धोक्यात यायचा हे तो बनवणाऱ्यांच्या कॅलेंडरवर ठरते. हा फरक चीड आणणारा असला तरी तो खरा आहे, आणि केवळ ‘चालतो आहे ना’ या निकषावर निर्णय घेणाऱ्याची फसगत येथेच होते. मे २०१७ मध्ये जगभरातील संगणकांतील फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या विषाणूने ज्या भगदाडातून प्रवेश केला, ते बुजवणारी दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये उपलब्ध झाली होती, आणि ज्या यंत्रांपर्यंत ती पोहोचली नव्हती ती बळी पडली. त्यांपैकी बहुतेक यंत्रे आदल्या दिवसापर्यंत व्यवस्थितच चालत होती.

तरीही नवे यंत्र घेण्याच्या बहुतेक विचारांचे मूळ या सुरक्षेत नसून संथपणात असते, आणि संथपणाबाबत सोलापूरच्या शेडची स्वतंत्र अडचण आहे. टेरी टॉवेलच्या विणकामात सुताचे बारीक तंतू हवेत सतत तरंगत असतात. ते लॅपटॉपच्या पंख्यातून आत ओढले जाऊन उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर नमद्यासारखे बसतात, आणि मे महिन्यात शहराचा पारा चाळिशीपलीकडे गेला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. कारखानदाराला वाटते की यंत्र म्हातारे झाले. वास्तविक त्याला फक्त झाडून काढण्याची गरज असते. ज्या शेडमध्ये मागाला रोज तेल-वंगण मिळते, तेथे लॅपटॉपचा पंखा पाच-पाच वर्षे उघडून पाहिला जात नाही, ही गोष्ट या व्यवसायाला फारशी शोभणारी नाही. बॅटरीचेही तसेच आहे, कारण लिथियम-आयन बॅटरीची क्षमता वापराइतकीच उष्णतेनेही घटते, आणि पत्र्याच्या छपराखाली दिवसभर पूर्ण भरलेल्या अवस्थेत जोडून ठेवलेली बॅटरी लवकर मरते. पण बॅटरी मेली म्हणून लॅपटॉप मेला असे होत नाही.

या संदर्भात वस्त्रोद्योगाच्या स्वतःच्या इतिहासाची आठवण उपयोगी पडते. १ एप्रिल १९९९ पासून सुरू झालेल्या तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेचा रोख नव्या यंत्रसामग्रीकडे होता. परंतु नवा रॅपियर किंवा एअरजेट माग हा साध्या मागाच्या मालकाच्या आवाक्यातील पर्याय नव्हता, म्हणून पुढे केंद्र सरकारने साध्या मागांचे जागच्या जागी उन्नतीकरण करण्याची योजना आणली, ज्यात माग तोच ठेवून त्यावर ताण्याचा किंवा बाण्याचा धागा तुटताच माग थांबवणारी यंत्रणा आणि तत्सम जोडण्या बसवण्यासाठी अनुदान मिळे. लॅपटॉपच्या बाबतीतही ठेवणे आणि बदलणे यांमधील याच तिसऱ्या वाटेचा विचार आधी व्हायला हवा. ज्या लॅपटॉपमध्ये अजून फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे, तेथे तबकडीवरून माहिती शोधत सरकणाऱ्या टोकामुळे वेळ जातो; तिच्या जागी हलता भाग नसलेली एसएसडी बसवली आणि चार जीबी रॅमची आठ जीबी केली, तर यंत्र सुरू होण्यास मिनिटे लागत होती तेथे सेकंद लागतात, आणि हा खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीचा लहानसा अंश असतो. मात्र अलीकडच्या अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य पाटीवरच डाकलेली असते व ती वाढवता येत नाही. ही चौकशी खरेदीच्या वेळीच करायची असते.

जोडणीने जे सुटत नाही ते विंडोज ११ च्या अटींमुळे. या प्रणालीला टीपीएम २.० ही पासवर्ड व गुप्त किल्ल्या सुरक्षित ठेवणारी व्यवस्था लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणपणे २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीचा किंवा नंतरचा असावा लागतो. ही अट पुरी करणाऱ्या लॅपटॉपवर नवी प्रणाली विनामूल्य चढते आणि प्रश्न तेथेच मिटतो. अट पुरी न करणाऱ्यांसाठी पैसे भरून मुदतवाढीची सोय जाहीर झाली. परंतु संस्थांसाठी तिचा दर पहिल्या वर्षी प्रतियंत्र ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट असा असल्याने तीन वर्षांची बेरीज ४२७ डॉलर होते, म्हणजे जवळजवळ एका साध्या नव्या लॅपटॉपची किंमत.

येथे एकच एक उत्तर देता येत नाही, कारण यंत्रमाग कारखान्यात लॅपटॉप दोन अगदी भिन्न कामे करतो. दिवाणजींच्या टेबलावरील लॅपटॉप बँक, जीएसटी, ई-वे बिल आणि पाच कोटींवर उलाढाल असल्यास ई-इन्व्हॉइस यांसाठी दिवसभर इंटरनेटला जोडलेला असतो, त्यातच डिजिटल सहीचे टोकन खोचलेले असते. असे यंत्र देखभालीविना ठेवणे म्हणजे तिजोरीचे दार लोटून ठेवणे होय, आणि ते बदलण्यात काटकसरीचा विचार आड येऊ नये. डिझाइनच्या खोलीतील लॅपटॉपचे गणित वेगळे आहे. चादरीवरचा नक्षीचा आराखडा पूर्वी ग्राफ कागदावर चौकोन भरून काढला जाई आणि त्यावरून जॅकार्डचे, म्हणजे मागाला नक्षी सांगणारे भोकांचे, पत्ते पाडले जात. आता तेच काम सॉफ्टवेअरमध्ये होते आणि संगणकाला जोडलेले यंत्र पत्ते पाडते किंवा इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड थेट फाइल वाचते. जोसेफ मारी जॅकार्डच्या पत्त्यांवरूनच चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राला आज्ञा देण्याची पद्धत घेतली होती, तेव्हा लॅपटॉपकडे मागाच्याच घराण्यातील वंशज म्हणून पाहण्यास हरकत नाही. या खोलीतील सॉफ्टवेअर बहुधा जुने, विकत घेताना महाग पडलेले आणि डोंगल नावाच्या कुलूपकिल्लीने बांधलेले असते, आणि पत्ते पाडणाऱ्या जुन्या यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे संगणक व यंत्र यांच्यातील दुभाषा, अनेकदा ३२-बिट प्रणालीसाठी लिहिलेला असतो. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही आणि ६४-बिट प्रणाली असा ड्रायव्हर स्वीकारत नाही. अशा वेळी नवा लॅपटॉप आणला की नवे सॉफ्टवेअर, आणि कदाचित नवे यंत्रही, त्यामागोमाग येते. हा लॅपटॉप इंटरनेटपासून तोडून, फायलींची प्रत दुसरीकडे ठेवून आणि पेन ड्राइव्ह आधी तपासूनच लावण्याची शिस्त पाळून तो चालेल तितके दिवस चालवावा. दिवाणजींच्या टेबलावरून निवृत्त झालेल्या यंत्रालाही हीच खोली योग्य.

कर-सल्लागाराकडून घसाऱ्याचा मुद्दा हमखास पुढे येतो. आयकरात यंत्रसामग्रीवर सर्वसाधारणपणे १५ टक्के, तर संगणकावर ४० टक्के घसारा उतरत्या मूल्यावर मिळतो, त्यामुळे साठ हजारांचा लॅपटॉप तीन वर्षांअखेर वहीत १२,९६० रुपयांचा उरतो. वहीतले मूल्य संपत आले म्हणून वस्तू संपली, हा निष्कर्ष मात्र माग चालवणाऱ्या माणसाने काढण्याजोगा नाही. खरेदी ठरलीच असेल तर दसऱ्याच्या मुहूर्ताचा मोह तेवढा तपासावा: आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाल्यास घसारा निम्माच मिळतो, आणि ही मर्यादा ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत संपते, तर दसरा पुष्कळदा त्यानंतर येतो. लॅपटॉप सप्टेंबरातच घेऊन त्याची पूजा खंडेनवमीला मागांबरोबर करता येते.

टाकून द्यायच्या लॅपटॉपबाबत एक खबरदारी राहते. त्यात कामगारांच्या आधार कार्डांच्या प्रती, बँक खाती आणि व्यापाऱ्यांचे दर असतात, आणि फाइल नुसती पुसल्याने ती डिस्कवरून जात नाही. म्हणून डिस्क खास सॉफ्टवेअरने पूर्ण कोरी करावी किंवा काढून घेऊन फोडावी, आणि उरलेले यंत्र भंगारवाल्याऐवजी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांखाली नोंदणी असलेल्या पुनर्चक्रीकरण केंद्राकडे देऊन त्याची पावती फाइलला लावावी.