चहा सोडा, घर जोडा

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण ज्याने प्रथम काढली त्याच्या परसात आयतं तळं असलं पाहिजे, अशी माझी पक्की समजूत आहे. आणि ते तळंही त्याला वडिलांकडून आलेलं असणार. जो खरोखर थेंब थेंब साठवतो त्याला म्हणी रचायला वेळ कुठला? तो बिचारा नळाखाली बादली लावून उभा असतो.

मी गेली तेवीस वर्षं एका बँकेत कारकून आहे. त्यातली नऊ वर्षं गृहकर्जाच्या टेबलावर गेली. त्या टेबलामागे बसून मी जेवढा उपदेश केला तेवढा चातुर्मासात कीर्तनकारही करत नसेल. नुकतं लग्न झालेलं जोडपं समोर येऊन बसायचं आणि नवरा म्हणायचा, “साहेब, कर्ज मिळेल हो, पण आपला हिस्सा भरायला पैसे नाहीत.” (हल्ली कारकुनालाही साहेब म्हणतात. आमच्या घरी ही प्रथा अजून आलेली नाही.) झालं! माझ्या अंगात संचार व्हायचा. “बाहेरचा चहा बंद करा. रविवारचं हॉटेल बंद. रिक्षा कशाला, पाय आहेत ना? वाचेल ते रिकरिंगला टाका. बघता बघता जमतात!” नवरा मान डोलवायचा. बायको मान डोलवायची नाही. बायका हिशेबात पक्क्या असतात.

त्या सगळ्या जोडप्यांची मला आज जाहीर माफी मागायची आहे. मी तुम्हाला थाप मारली. पोटासाठी मारली, पण मारली.

मी बी.कॉम. आहे. म्हणजे मला हिशेब येतो असं नव्हे, पण मांडायची लाज वाटत नाही. समजा, डोंबिवलीत साठ लाखांचं घर घ्यायचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, तीस ते पंच्याहत्तर लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जात ७५ टक्के रक्कम बँक देऊ शकते. म्हणजे इथे तुमच्या खिशातले गेले बारा लाख. मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे चार लाख वीस हजार. ते बँक किमतीत धरत नाही. घर बायकोच्या नावावर घेतलंत तर एक टक्का सूट आहे, पण तो निर्णय नुसत्या एक टक्क्यावर घेऊ नये. नोंदणीचे तीस हजार. एकूण साडेसोळा लाख. पार्किंग, सोसायटी आणि इमारत नवी असेल तर जीएसटी मी धरतच नाही. सकाळी सकाळी कुणाचा रक्तदाब वाढवू नये.

आता टपरीवरचा दहा रुपयांचा चहा सोडा. रोज सोडा, रविवारीही सोडा. वर्षाला ३,६५० रुपये. साडेसोळा लाखांना ३,६५० ने भागलं की येतात ४५२ वर्षं. याचा अर्थ असा की, आज घराचा पहिला हिस्सा भरायचा तर शिवजन्माच्या पन्नास-साठ वर्षं आधी चहा सोडायला सुरुवात करायला हवी होती. तेव्हा आपल्याकडे चहाच नव्हता. म्हणजे सोडायचीही सोय नव्हती!

तुम्ही म्हणाल, अहो बँकवाले, व्याज विसरलात. चक्रवाढीची जादू! जादूच आहे. महिना तीनशे रुपये साडेसहा टक्क्यांनी दहा वर्षं रिकरिंगला टाकले तर पन्नास हजारांच्या आसपास मिळतात. दहा वर्षांत पन्नास हजार. आणि तेवढ्यात घर काय तुमची वाट बघत पाटावर बसून राहतं? साठ लाखांचं घर वर्षाला नुसतं पाच टक्क्यांनी चढलं तरी पहिल्याच वर्षी तीन लाखांनी महागतं. त्यातला तुमचा हिस्सा आणि मुद्रांक धरून ८१,००० रुपये. म्हणजे वर्षभर चहा सोडून तुम्ही ३,६५० रुपयांनी पुढे गेलात आणि घर ८१,००० रुपयांनी पुढे गेलं. नुसतं जागच्या जागी राहायचं म्हटलं तरी रोज बावीस चहा सोडायला हवेत. सोडण्यासाठी आधी ते प्यायची सवय हवी. आणि ज्याला रोज बावीस चहा लागतात त्याला घराची नव्हे, डॉक्टरची गरज आहे.

मग ही थाप जिवंत राहते कशी? तिला ‘नाना’ जिवंत ठेवतात. प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. आमच्या नानांनी पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी घर घेतलं आणि तेव्हापासून ते पायरीवर बसून तरुण पिढीला सुनावतात : “पोटाला चिमटा काढला तेव्हा ह्या चार भिंती उभ्या राहिल्या. आम्ही सिनेमा पाहिला नाही, सिनेमा!” मी बरीच वर्षं नानांच्या पोटाकडे आदराने पाहत होतो. मग एकदा त्यांच्याच धाकट्या भावाने सांगितलं की, कोकणातली आंब्याची बाग विकली होती. सिनेमा पाहिला नाही हे खरंच होतं. पण घर उभं राहिलं ते हापूसच्या कलमांवर, आणि उपदेश मात्र पोटाच्या चिमट्याचा!

(बाकी नानांनी १९७७ सालचा ‘घरौंदा’ तेव्हा पाहिला असता तर बरं झालं असतं. त्यातही मुंबईतली दोन नोकरदार माणसं घरासाठी पै-पै साठवतात आणि बिल्डर ते पैसे घेऊन पळतो. आता २०१६ च्या रेरा कायद्याने नोंदणीकृत कराराशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त आगाऊ घेता येत नाहीत. पण ते दहा टक्के तुम्ही कुठून आणता, यावर कायदा गप्प आहे.)

काटकसरीशी माझं भांडण नाही. १९२८ साली उडुपीकडे ‘पिग्मी’ ठेव निघाली ती रोज दोन आणे गोळा करण्यासाठीच. ज्या संस्थेने ती काढली तिची पुढे सिंडिकेट बँक झाली. अडीनडीला, दुखण्याखुपण्याला, शाळेच्या वह्यांना असा साठवलेला पैसा देवासारखा धावून येतो. माझं भांडण आहे ते त्या दोन आण्यांच्या डोक्यावर तीन खोल्यांचा फ्लॅट ठेवणाऱ्यांशी. कारण मग घर मिळालं नाही की दोष चहाचा, म्हणजे पर्यायाने चहा पिणाऱ्याचा. जमिनीच्या भावाला कुणी जाब विचारत नाही. गुन्हेगार कोण? अर्धा कप!

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. २००४ च्या पाडव्याला आम्ही एक वही घातली. वर लिहिलं ‘घर’. खाली आठ वर्षं वाचलेला प्रत्येक रुपया. साबणाची चिपाटं नव्या वडीला चिकटवून वाचलेले. टूथपेस्टची ट्यूब कात्रीने उभी चिरून वाचलेले. (ती चिरल्यावर आत आणखी चार दिवस निघतात; हा शोध हिचा.) कुकरची एक शिट्टी कमी करून वाचलेले, त्या वर्षी आम्ही वरण चावून खाल्लं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भाजीच्या दोन पिशव्या घेऊन स्टेशनपासून पायी येऊन वाचवलेले शेअर रिक्षाचे. ते दारात पिशव्या ठेवून आधी म्हणायचे, “लिहा रे वहीत!” आणि मग पाणी मागायचे.

२०१२ साली घर घेतलं. अठ्ठावीस लाख, ५६० चौरस फूट, तिसरा मजला, लिफ्ट ‘लवकरच’. आमचा सगळा हिस्सा साडेसात लाख. तो असा जमला : अण्णांच्या फंडातले तीन लाख. हिच्या चार तोळ्यांच्या पाटल्या, एक लाख वीस हजार. माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून एक लाख नव्वद हजार. सासऱ्यांकडून ‘सवडीने द्या’ म्हणून एक लाख. सवड अजून काढतो आहे. आणि आठ वर्षांच्या वहीची बेरीज, रुपये ३८,६४० फक्त. शेकडा पाच! तरीही १,३६० कमी पडले, ते शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने दिले. त्याच्या उपकाराची परतफेड म्हणून मी वर्षभर त्याला चहा पाजला. शिवाय कर्मचारी म्हणून मला कर्ज स्वस्तात मिळालं, हे मी त्या जोडप्यांना कधी सांगितलं नाही. तेही आज सांगून टाकतो.

पाटल्या सोनाराच्या काट्यावर ठेवताना ही एवढंच म्हणाली, “अहो, शिट्ट्यांनी नाही जमलं ना?” अण्णा नव्या घरात सहा वर्षं राहिले, पण फारसे खाली उतरले नाहीत. लिफ्ट आली तोवर गुडघे गेले होते. गुडघ्यांच्या औषधात वहीची बेरीज दोनदा गेली. ती नोंद करायला वहीत रकाना नव्हता.

गेल्या दिवाळीत साफसफाई करताना ती वही मुलीच्या हाती लागली. ती आता सी.ए. करते आहे, त्यामुळे आमच्या घरात माझ्याहून मोठं ऑडिट सुरू झालंय. पानं उलटता उलटता ती थांबली. डिसेंबर २०११ : ‘शाळेची सहल (राणीची बाग), पाठवली नाही. वाचले ३५०.’ खाली माझी सही. तेव्हा ती दुसरीत होती. तापाचं कारण सांगितलं होतं आम्ही तिला. तिला ताप नव्हता.

मी चष्मा पुसायला घेतला. ती काही बोलली नाही. मोबाइलवर काहीतरी आकडेमोड केली आणि म्हणाली, “बाबा, पाच हजार रुपये फूट दर होता ना? मग साडेतीनशेचे दहा चौरस इंच झाले. अर्ध्या पोस्टकार्डाएवढी जागा. माझी कुठली ती?”

मी दिवाणखान्यात खिडकीखालचा, उन्हाचा तुकडा पडतो तो कोपरा दाखवला. तिने खडू आणून तिथे फरशीवर चौकोन आखला. हिने दोनदा पुसला, तिने पुन्हा आखला. आता तिथे पेंढा भरलेला एक कापडी हत्ती बसलेला असतो आणि झाडू त्याला वळसा घालून जातो.